गल्ल्यातील दुहेरी ठशाची नाणी

हिंगोली, वसमतच्या बाजारात हळदीचे व्यवहार आता खात्यातून होतात. तरीही दुकानाच्या गल्ल्यात चिल्लर साचतेच. बँकेत भरण्यापूर्वी ती एकदा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली पाहावी.

नाण्याचा ठसा घडविताना मूळ नमुन्याचा दाब त्यावर एकाहून अधिक वेळा द्यावा लागे. दुसऱ्या दाबात तो केसभर सरकला, की अक्षरे जोड उमटत आणि त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष येई. अमेरिकेचे १९५५ चे एक सेंटचे नाणे याचे प्रसिद्ध उदाहरण. तेही चलनातच सापडले.

खरी पारख पुढे आहे. दुहेरी ठशात दोन्ही रेषा उठावदार असतात व अक्षरांची टोके दुभंगलेली दिसतात. नाणे पाडताना ठसा केवळ हादरला असेल, तर अक्षराशेजारी सपाट, पायरीसारखी कड दिसते. अशा नाण्यास दर्शनी किमतीहून अधिक मोल नाही, आणि गाजावाजा होतो तो बहुधा याच नाण्यांचा!

वर्षाखालील खूणही पाहावी: चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, शंकरपाळ्याचा आकार मुंबईचा, खूण नसल्यास कोलकाता. निजामी काळात आपल्या भागात हाली सिक्का येई, तोही हैदराबादचाच.

लाखो रुपये देऊ म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

सापडलेले नाणे घासू नये. चिंच लावून उजळविलेल्या नाण्याकडे जाणता संग्राहक पाहतही नाही.