जुनी गाडी सोडताना

एक काळ असा होता, की मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदाच गाडी घेत असे, आणि तीही बहुधा दुसऱ्याने वापरलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी नवी हवी असेल, तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू रांगा संपल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाड्या आता सहज मिळतात. पण जुनी सोडावी कधी आणि कशी, हा प्रश्न घरोघरी तसाच आहे.

आमच्या घरी तो २०२४ साली आला. २००४ च्या दसऱ्याला घेतलेली आमची पांढरी गाडी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. एकदा वाढवली होती, दुसरी खेप तोंडावर आली होती. रत्नागिरीसारख्या गावात गाडीचा खरा शत्रू किलोमीटर नव्हे, खारा वारा! मेकॅनिक गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, इंजिन चांगलं आहे. पत्रा गेलाय. जॅक लावला तर आत जातोय. ब्रेकच्या नळ्याही गंजल्यात."

अशा वेळी माणूस आधी आठवतो तो आजवर घातलेला पैसा. परवाच क्लच बदलला, बॅटरी नवी आहे, आता कशी सोडायची? बँकेत बुडत्या कर्जापुढे आम्हाला हाच मोह पडे. आधीचे वाचवण्यासाठी आणखी देऊ नये, हे तिथे शिकलो. गेलेला पैसा बाजूला ठेवून एवढेच विचारावे, की खर्च करून ती सुरक्षित होईल का? उत्तर 'नाही' आले, की पुढचा हिशेब मांडायचे कारण उरत नाही.

आमचे फिरणे वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर. त्यासाठी कोरी गाडी कशाला? चार-पाच वर्षे वापरलेली पुरे. मात्र घाटावरची पाहायची असे ठरले. तिकडे गंजाची भीती कमी. मेकॅनिकना घेऊन कोल्हापूर गाठले. त्यांची पाहण्याची रीत शिकण्यासारखी होती. मालकाला त्यांनी आधीच बजावले होते, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." थंड इंजिन खरे बोलते, गरम इंजिन बरेच लपवते. मग त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, गालिचा उचलून सीटखालचे लोखंड चाचपले. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली, तरी तिथे चिखलाची रेघ राहते. बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडाला असेल, तर पाना कशासाठी लागला ते विचारावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि चारही टायर बदललेले, असे असेल तर काहीतरी खोटे आहे, बहुधा मीटरच.

कागद पाहणे माझ्याकडे. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत द्यावा लागतो. तो उतरेपर्यंत मी पैसे थांबवले. चलने थकलेली नाहीत हे पाहिले आणि नाव बदलण्याच्या २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या.

राहिली आमची जुनी. एक तरुण चाळीस हजार रोख घेऊन आला. "काका, फॉर्मवर नुसती सही द्या, नाव मी सवडीने चढवतो." ही सवड फार महागात पडते. आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. गाडी कधीच विकून टाकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नाव लगेच चढवायला तो तयार झाला. पत्र्याचे सांगितले, तर म्हणाला, "वेल्डिंग मारून घेतो." कायद्याच्या बाजूने आता काही अडत नव्हते.

तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, त्याची दोन पोरं मागच्या सीटवर बसणार. आपली नातवंडं त्या गाडीत बसवाल का आता?"

या प्रश्नाला कुठलाही फॉर्म नव्हता. गाडी आम्ही सरकारमान्य मोडणी केंद्रात दिली. चाळीस हजारांच्या निम्मेही आले नाहीत. तिथे मिळणाऱ्या कागदाला 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' म्हणतात. बँकेत या नावाचा कागद व्याज देतो. इथे तो एवढेच सांगतो, की ही गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही. हिला तेवढे पुरेसे होते.

कोल्हापूरच्या मालकाने गाडीबरोबर सर्व्हिसच्या पावत्यांची फाईल दिली होती, पहिल्या तपासणीपासूनची, तारखेप्रमाणे लावलेली. तिच्यात शेवटी आता आमच्याही दोन पावत्या लागल्या आहेत. कधीतरी ही गाडीही कुणाच्या तरी हाती द्यायची आहे.