घरातली मोरी, जईफांची सोय आणि आपल्या कारागिरांची रोजी

मी कापडाचा व्यापारी आहे. शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी शिकलो ती गिऱ्हाइकांकडून आणि मोंढ्यात. या पानावर माझ्याकडून कापडाच्या भावाबद्दल किंवा उधारीबद्दल काही यावे अशी अपेक्षा असते. आज मोरी, संडास आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहितो आहे, म्हणून काही वाचक हसतील. पण हा विषय घराच्या अब्रूचा आहे, आणि आपल्या गवंडी, प्लंबर, सुतार व फॅब्रिकेशनवाल्या भावांच्या रोजीचाही आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आधी माझी चूक सांगतो. मुलीचे लग्न ठरले तेव्हा घराची डागडुजी काढली. मोरीतली जुनी खडबडीत शहाबादी लादी उखडून तिथे मी स्वतः पसंत केलेली पांढरी, चकचकीत टाइल बसवली. कापडवाल्याची नजर चमकीवरच जाते. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. पावसाळ्याचे दिवस. पहाटे फजरच्या वजूसाठी अम्मी मोरीत गेल्या आणि घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. दाराला आतून कडी, आणि दार आत उघडणारे. अम्मी नेमक्या दाराला टेकून पडलेल्या. ढकलावे तर त्यांनाच लागणार. शेवटी शेजारच्या सुताराला उठवून दाराची खालची फळी कापून काढली. तेवढा वेळ त्या आतून एकच सांगत होत्या, "पोरांची झोप मोडू नका."

ऑपरेशन झाले, वॉकर धरून चालू लागल्या. पण मोरीची भीती बसली ती बसलीच. दर वेळी सुनेला हाक मारावी लागते याची त्यांना शरम वाटे. म्हणून त्यांनी पाणी पिणे कमी केले. हे आमच्या लक्षात आले ते लघवीला जळजळ सुरू होऊन ताप आल्यावर. दुकानाच्या काचेच्या दर्शनी भागावर मी किती खर्च केला ते मला पाठ होते. आईच्या मोरीत धरायला एक दांडी नव्हती, हे मात्र कधी सुचले नव्हते.

हा एका घराचा प्रश्न नाही

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. त्यांत साठीच्या पुढचे सर्वांत जास्त.

आता आपल्या कर्जत-खालापूरकडे पाहू. मुले पहाटेच्या लोकलने मुंबई-ठाण्याला जातात, रात्री परततात. कोणी आखाती देशात आहे. दिवसभर घरात म्हातारी माणसे. जुन्या घरांची बांधणी पावसाच्या हिशेबाने झालेली. जोते दीड-दोन फूट उंच, म्हणजे अंगणातून पडवीत यायला तीन-चार पायऱ्या. मोरीला चार इंचांचा कठडा. संडास मागच्या दारी, अंगण ओलांडून. आणि चार महिने शेवाळ. जवानीत या घरात काही अडचण नव्हती. घर तेच राहिले, गुडघे बदलले.

नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठी खास वसाहत उभी केली. ज्यांना तिथे राहणे जमते त्यांची सोय झाली. पण आपल्याकडच्या बहुतेक बुजुर्गांना आपले घर, आपला मोहल्ला, जवळची मशीद आणि शेजारची माणसे सोडायची नसतात. त्यांच्यासाठी उपाय एकच, आहे त्याच घरात थोडा फेरफार.

मोरी आणि संडासात काय करावे

अम्मींसाठी आम्ही जे केले आणि त्यानंतर जाणकार मिस्त्रींकडून जे समजले, ते मापांसह देतो.

पहिली गोष्ट दार. ते बाहेर उघडणारे करावे किंवा सरकते. कडी अशी की अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता यावी. चाकाची खुर्ची जायची असेल तर दाराची मोकळी रुंदी ३ फूट असावी, आणि खुर्ची फिरवायला आत ५ फुटांचे वर्तुळ लागते. आपल्या लहान मोऱ्यांत ते बहुधा बसत नाही. तिथे खुर्ची दारापर्यंत आणि पुढे दांडी धरून दोन पावले, असा विचार करावा.

दुसरी गोष्ट जमीन. चकचकीत टाइल नको. मॅट टाइल घ्यावी, तीही लहान आकाराची, कारण सांधे जास्त असले की पायाला पकड मिळते. तासलेली शहाबादी किंवा कोटाही चांगली. उतार फुटाला दोन सूत पुरे. त्याहून जास्त दिला तर म्हाताऱ्याचा तोल जातो, अजिबात नसला तर पाणी साचते. कठडा काढून टाकावा, आणि उंबरठा काढता येत नसेल तर त्याला दोन्ही बाजूंनी ढाळ द्यावा.

तिसरी गोष्ट दांडी. सव्वा ते दीड इंच जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मूठ नीट बसते आणि कोपर अडकत नाही. टॉवेल लावायची दांडी या कामाची नाही. माणसाने घसरताना सगळे वजन टाकले तरी ती उपटता कामा नये. इथे आपल्याकडची एक अडचण आहे. जुन्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या असतात. त्यांत नुसता प्लगचा स्क्रू धरत नाही. भिंत आरपार भोकून पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट लावावा. जो मिस्त्री टिकली वाजवून भिंत तपासत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

चौथी गोष्ट बैठक. कमोडची उंची जमिनीपासून १८ ते १९ इंच असली की गुडघ्यावर भार कमी येतो. बाजूची दांडी बैठकीच्या वर साधारण ८ इंच. पण सगळ्यांनी भांडे फोडून कमोड बसवावा असे मी म्हणणार नाही. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या अनुदानावर गावोगाव संडास झाले. त्यांतले ग्रामीण पद्धतीचे भांडे जास्त उताराचे असते आणि दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. कमोडला पाणी कितीतरी जास्त लागते, ते सगळे शोषखड्ड्यात जाते, आणि उन्हाळ्यात वाड्यांवर इतके पाणी आणायचे कुठून? अशा ठिकाणी आहे त्या भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची घ्यावी. पायांना रबर हवे आणि खुर्ची डगमगता कामा नये. कमोड बसवायचाच झाला तर तोंड उत्तर-दक्षिण ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगावे. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. पाइप टाकून झाल्यावर आठवण झाली तर खर्च दुप्पट होतो.

पाचवी गोष्ट वजूची जागा. वाकून पाय धुताना तोल जातो. कडाप्प्याची १८ इंच उंच बैठक, समोर उभी दांडी, पुढे पाणी जायला पन्हळ, आणि नळाला लवचीक नळीचा लहान फवारा, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. मशिदींच्या विश्वस्तांनीही वजूखान्यात दोन जागा अशा करून घ्याव्यात. काम एका दिवसाचे आहे.

सहावी गोष्ट उजेड आणि रंग, आणि इथे कापडवाला म्हणून दोन शब्द बोलण्याचा मला हक्क आहे. मोतीबिंदू झालेले गिऱ्हाईक गडद निळे आणि काळे कापड सारखेच समजते, हे मी गल्ल्यावर बसून तीस वर्षे पाहिले आहे. पांढऱ्या जमिनीवर पांढरा कमोड त्याला दिसत नाही. जमीन गडद असली तर बैठक फिकी असावी, दांडी भिंतीहून वेगळ्या रंगाची असावी, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावा. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा लहान दिवा ठेवावा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून चार्जिंगचा दिवाही हवा.

जोत्याचाही हिशेब सांगतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे २ फूट जोत्याला २४ फूट लांब उतार लागेल. अंगण असेल तर तो करावा. नसेल तर आखूड, उभा उतार करून धोका वाढवू नये. त्याऐवजी ५ इंचांच्या रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा द्यावा.

स्वयंपाकघर

आपल्या आया चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करीत. मग आपण त्यांना उभा ओटा करून दिला, साधारण ३२ ते ३४ इंचांचा. आता त्यांना खाली बसवत नाही आणि उभेही राहवत नाही. उपाय सोपा आहे. ओट्याचा अडीच-तीन फुटांचा एक भाग ३० इंचांवर आणावा, त्याच्याखाली कपाट करू नये, म्हणजे पाठीच्या खुर्चीवर बसून भाजी चिरता येते, कणीक मळता येते. रोजची भांडी कंबर आणि खांद्याच्या मधल्या उंचीवर ठेवावीत. नळाला फिरकीऐवजी दांडा असावा, तो कोपरानेही उघडतो. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा वरच असली पाहिजे, हे ओटा खाली करताना विसरू नये.

घरातल्या बुजुर्ग बाईला चुलीपासून दूर केले की तिचे घरातले स्थान गेले, असे तिला वाटते. सोय करणे म्हणजे तिला बसवून ठेवणे नव्हे.

कारागीर भावांसाठी

आता रोजीची बाजू. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली, चौक या पट्ट्यात मुंबईकरांची फार्महाउसे आणि बंगले आहेत. खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गामुळे येणेजाणे सोपे झाले. ज्यांनी चाळिशीत हे बंगले घेतले ते आता सत्तरीला आले. त्यांना हीच कामे हवी आहेत, आणि पुष्कळदा ती बाहेरचा ठेकेदार घेतो. आपल्याकडे हुन्नर आहे, पण गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा, सुतार वेगळा, आणि एकाचे काम दुसऱ्यासाठी थांबलेले. घरात संडास एकच असतो. तो आठ दिवस बंद ठेवला तर ते घर तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही. चौघांनी मिळून एक टोळी करावी, एकच भाव सांगावा, किती दिवस लागतील ते लिहून द्यावे.

मापाचा एक नियम पाळावा. ज्याच्यासाठी काम आहे त्यालाच विचारावे. आमचा मिस्त्री दांडी उजवीकडे लावणार होता. अम्मी म्हणाल्या, "बेटा, माझा जोर डाव्या हातात आहे." त्याने खुर्चीखाली विटा ठेवून त्यांना बसवले, उठवले, उंची ठरवली, भिंतीवर कोळशाने खूण केली आणि मगच भोक पाडले. शिंपी अंगाचे माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मिस्त्रीने तरी का लावावी?

सरकारी योजनांचीही माहिती ठेवावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत, त्यांत गवंडी आणि सुतार येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने, अशी तरतूद त्यात केली आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज घ्यायचे नसेल त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांची चौकशी करावी. बुजुर्गांसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला उपकरणांसाठी एकदाच ३ हजार रुपये, असे तिचे स्वरूप ठरले. काठी, वॉकर आणि कमोड खुर्चीही त्या यादीत आहे. आपल्या दारावरच्या गिऱ्हाइकाला ही माहिती देणाऱ्या कारागिराची आठवण राहते.

आणि इमानदारी. घाबरलेला मुलगा काय वाटेल ते पैसे देतो, हे मला ठाऊक आहे, कारण तो मुलगा मी होतो. जिथे दोन दांड्यांनी भागते तिथे सगळी मोरी फोडायला लावू नये.

आमची मोरी पाच दिवसांत झाली. पांढरी टाइल काढताना मला स्वतःच्या पसंतीची लाज वाटली. पहिले काही दिवस सून दाराबाहेर उभी राहत असे. मग एका संध्याकाळी अम्मींनी स्वतःहून पाण्याचा तांब्या मागितला आणि सगळा प्यायल्या. काम बरोबर झाले याची पावती मला त्या तांब्याने दिली.

वाचक बंधूंनो, आज घरी गेल्यावर एक करा. एक पाय अधू समजून, डोळे अर्धे मिटून, आपल्याच मोरीत जाऊन या. हात कुठे टेकावासा वाटतो ते पाहा, आणि तिथे खडूची एक खूण करा. उद्या मिस्त्रीला बोलावून ती जागा दाखवा.