बाटाच्या गांवीं परतलेला मुलगा

शाळा सुरू होण्याच्या सुमारास मुलांच्या बुटांसाठीं बाजारांत जावयाचें ठरलें कीं ‘बाटा’ हें नांव आपल्यापैकीं बहुतेकांच्या तोंडीं सहजच येतें. तें इतकें घरचें झालें आहे कीं, हें कोणा परक्या देशांतील माणसाचें आडनांव आहे असें सांगितलें तर पुष्कळांस खरें वाटत नाहीं. कोलकात्याजवळ हुगळीच्या कांठीं १९३० नंतरच्या दशकांत वसलेलें बाटानगर अनेकांस ऐकून ठाऊक असतें. परंतु ज्या गांवाच्या नमुन्यावर तें वसलें त्या झ्लीन गांवाची माहिती मात्र थोड्यांनाच असते. हें गांव चेक लोकांच्या देशांत, मोराव्हिया प्रांतांत आहे. त्या गांवांतून लहानपणीं बाहेर पडलेला एक मुलगा जवळजवळ साठ वर्षांनीं तेथें परत गेला. त्यास तेथें काय सांपडलें, ही हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. त्या मुलाच्या बाळपणाचीं चार वर्षें हिंदुस्थानांत गेलीं, म्हणूनहि ती आपणांस थोडी जवळची वाटेल.

प्रथम गांवाविषयीं. टोमाश बाटा (चेक लोक हें नांव ‘बात्या’ असें उच्चारतात) ह्याचें घराणें पिढ्यानुपिढ्या जोडे करणाऱ्यांचें. त्यानें भाऊ व बहीण ह्यांच्यासह १८९४ सालीं झ्लीन येथें आपला धंदा मांडला. तेव्हां गांवची वस्ती सुमारें ३ हजार होती; १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती ४० हजारांवर गेली. १९२३ सालीं बाटा गांवचा नगराध्यक्षहि झाला, आणि कारखाना व गांव हीं दोन्ही एकाच हातीं आलीं. गाहुरा, कार्फिक इत्यादि वास्तुशास्त्रज्ञांनीं कारखान्याच्या इमारती एका मापावर बांधल्या. काँक्रीटच्या खांबांचा सांगाडा, दोन खांबांमध्यें ६.१५ मीटरांचें अंतर, आणि मधल्या जागेंत तांबड्या विटा व कांच. शाळा आणि वसतिगृहेंहि ह्याच सांच्यांतलीं. कामगारांसाठीं मात्र चाळी न उभारतां, टेकड्यांच्या उतारावर, झाडांच्या गर्दींत, सपाट छपरांचीं तांबडीं सुटीं घरें बांधलीं आणि प्रत्येकाभोंवतीं थोडी बाग ठेवली.

१९३२ च्या जुलै महिन्यांत टोमाश बाटा विमानाच्या अपघातांत मरण पावला व कारभार त्याचा सावत्र भाऊ यान आंतोनिन ह्याच्याकडे आला. त्याच्या काळांत सुमारें ७७ मीटर उंचीची मुख्य कचेरी उभी राहिली. तिच्यांत मालकाची स्वतःची खोली एका मोठ्या लिफ्टमध्यें बसविलेली होती. मेज, खुर्ची आणि हात धुण्याचें पात्र ह्यांसह ती खोलीच मजल्यामजल्यावर जाऊन थांबत असे! वाचकांस ह्याची गंमत वाटेल. पण काम करणाऱ्यांस मालक कोणत्या क्षणीं आपल्या मजल्यावर उतरेल ह्याची धास्तीहि वाटत असली पाहिजे. जो हात घर देतो तोच नोकरीहि देतो, तेव्हां नोकरी गेली कीं घरहि जातें. ह्या गांवाच्या सुव्यवस्थेची ही दुसरी बाजू विसरतां येत नाहीं.

ह्या गांवच्या बाटा इस्पितळांत डॉ. ऑयगेन श्ट्राउस्लर हे नोकरीस होते. ३ जुलै १९३७ रोजीं त्यांना दुसरा मुलगा झाला. त्याचें नांवहि टोमाश. हें कुटुंब यहुदी वंशाचें. धर्माचार त्यांच्या घरीं फारसा उरला नव्हता. परंतु हिटलरच्या राज्यांत प्रश्न आचाराचा नव्हता, रक्ताचा होता. १५ मार्च १९३९ रोजीं जर्मन फौजा प्राग शहरांत शिरल्या. कारखान्याच्या चालकांनीं आपल्या यहुदी नोकरांपैकीं अनेकांची परदेशच्या शाखांवर बदली करून त्यांना देशाबाहेर काढण्याची तजवीज केली. ह्याप्रमाणें डॉक्टर, त्यांची पत्नी मार्थाबाई आणि दोन मुलगे सिंगापूरास गेले. झ्लीन सोडलें तेव्हां टोमाश पुरता दोन वर्षांचाहि नव्हता. आजे, आज्या आणि इतर आप्त मागेंच राहिले.

सिंगापूरहि सुरक्षित ठरलें नाहीं. १९४२ च्या आरंभीं जपानी सैन्य जवळ आलें, तेव्हां मार्थाबाई मुलांना घेऊन बोटीनें निघाल्या व हिंदुस्थानांत येऊन पोंचल्या. डॉक्टर मागें राहिले होते. पुढें ते ज्या बोटीनें निघाले तिच्यावर बाँब पडून त्यांचा अंत झाला. परक्या मुलखांत दोन लहान मुलांसह एकट्या पडलेल्या ह्या बाईंना आधार मिळाला तो पुन्हां त्याच नांवाचा. दार्जिलिंग येथील बाटाच्या दुकानाचा कारभार त्या पाहूं लागल्या आणि मुलें तेथील शाळेंत शिकूं लागलीं. हिमालयाच्या कुशींत, इंग्रजी बोलत, हा चेक मुलगा वाढला. १९४५ सालीं मार्थाबाईंनीं केनेथ स्टॉपर्ड नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह केला आणि १९४६ सालीं सर्वजण इंग्लंडास गेले. टोमाश श्ट्राउस्लर हा टॉम स्टॉपर्ड झाला. आणि तोच पुढें इंग्रजी रंगभूमीवरील अग्रगण्य नाटककारांत गणला गेला. आपल्या देशाच्या पार्श्वभूमीवर त्यांनीं ‘इंडियन इंक’ हें नाटकहि लिहिलें. तें १९९५ सालीं रंगभूमीवर आलें.

नवीन घरीं जुन्या घराच्या गोष्टी निघत नसत. मुलांनीं निर्वेधपणें इंग्रज व्हावें, हीच मार्थाबाईंची इच्छा होती. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या बाईनें एवढें सोसलें, तिला मुलांच्या डोक्यावर त्याचें ओझें नको वाटलें तर नवल काय? पण त्यामुळें असें झालें कीं, १९९३ सालीं नात्यांतली एक स्त्री लंडनला भेटावयास आली, तेव्हां वयाच्या ५६ व्या वर्षाच्या सुमारास स्टॉपर्ड ह्यांना आपल्या कुळाची खरी माहिती झाली. आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही आजे आणि दोन्ही आज्या यहुदी होत्या आणि ते सर्व नाझींच्या छळांत बळी पडले होते. मावश्यांपैकीं तिघींचीहि तीच गति झाली होती. ज्यांनीं त्यांना मांडीवर खेळविलें असेल, त्यांचीं नांवेंहि त्यांना धड ठाऊक नव्हतीं.

मार्थाबाई १९९६ सालीं निवर्तल्या. त्यानंतर १९९८ सालीं स्टॉपर्ड झ्लीनला गेले. मधल्या काळांत गांवहि कांहीं कमी बदललें नव्हतें. १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन विमानांनीं कारखान्यावर बाँब टाकले. १९४५ सालीं कारखाना सरकारजमा झाला. १९४९ सालीं तर गांवाचें नांवच पुसलें गेलें. साम्यवादी अध्यक्ष क्लेमेंट गोट्वाल्ड ह्याच्यावरून त्यास ‘गोट्वाल्डोव्ह’ म्हणूं लागले आणि कारखाना ‘स्वित’ ह्या नांवानें चालूं लागला. साम्यवादी सत्ता १९८९ च्या अखेरीस कोसळली, तेव्हां टोमाश बाटाचा कॅनडांत स्थायिक झालेला मुलगा गांवीं आला व त्याच्या स्वागतास लोकांची मोठी गर्दी लोटली. १९९० सालीं गांवास जुनें नांव परत मिळालें. कारखान्याचा जुना जोम मात्र परत आला नाहीं. जुनीं गिऱ्हाइकें तुटलीं, परदेशी स्वस्त माल आला, आणि जेथें हजारों हात राबत तेथील एकेक इमारत रिकामी पडूं लागली.

अशा ह्या गांवीं परतलेल्या माणसाची स्थिति मोठी विलक्षण होती. आपण बरेच दिवसांनीं गांवीं गेलों म्हणजे विहीर, पार, देऊळ पाहून ओळखीची खूण पटते. येथें ओळखावयाचें काय? बाळपणाची एकहि आठवण नाहीं, भाषा येत नाहीं, वडिलांचा चेहराहि डोळ्यांपुढें येत नाहीं. तांबड्या विटांचीं घरें आहेत, इस्पितळ आहे. पण तीं तर कोणत्याहि प्रवाशास दिसतीं.

मात्र ह्या शोधांत त्यांची एका वृद्ध स्त्रीशीं गांठ पडली. बाटा इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांची ती मुलगी. लहानपणीं कांच लागून तिचा हात कापला होता आणि डॉ. श्ट्राउस्लर ह्यांनीं ती जखम शिवली होती. तिनें हात पुढें केला. व्रण अजून दिसत होता. स्टॉपर्ड ह्यांनीं त्यास बोट लावलें. वडिलांनीं वापरलेली किंवा हाताळलेली एकहि वस्तु त्यांच्यापाशीं नव्हती. पित्याच्या हातचें काम म्हणून जगांत एवढी एकच खूण त्यांना दिसली, आणि तीहि दुसऱ्याच्या अंगावर. जें दुःख त्यांनीं इतकीं वर्षें केलेंच नव्हतें, तें त्या क्षणीं अवचित दाटून आलें, असें त्यांनीं पुढें १९९९ सालीं लिहिलें. २०२० सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘लिओपोल्डश्टाट’ ह्या नाटकांत, इंग्लंडांत वाढून आपले आप्त विसरलेला एक तरुण शेवटीं त्यांच्याविषयींची हकीकत ऐकतो. तो तरुण कोण, हें सांगावयास नको. २०२५ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या ८८ व्या वर्षीं, स्टॉपर्ड ह्यांचें देहावसान झालें.

झ्लीन आज पुन्हां सांवरलें आहे. तेथें २००१ पासून टोमाश बाटाच्या नांवाचें विश्वविद्यालय आहे. मुख्य कचेरींत प्रांतिक कारभार चालतो, आणि ती फिरती खोली पाहावयास लोक येतात. कारखान्याच्या दोन जुन्या इमारतींत २०१३ पासून पदार्थसंग्रहालय, चित्रशाला व ग्रंथालय आहे. १९३३ सालीं बाटाच्या स्मरणार्थ गाहुरानें कांचेचें एक मंदिर बांधून त्यांत विमान टांगलें होतें. मध्यंतरीं त्याचें रूप पार पालटलें होतें, तें २०१९ सालीं पूर्ववत् करण्यांत आलें. इमारतींचे नकाशे शिल्लक होते, म्हणून त्या पुन्हां उभ्या करतां आल्या.

माणसांचे नकाशे मात्र कोणी काढून ठेवीत नाहीं. ते घरांतल्या वडील माणसांच्या तोंडींच असतात. श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह, प्रपितामह ह्यांचीं नांवें आपण घेतों. पण त्यांच्यापैकीं कोणी काय केलें, कोणत्या गांवाहून कां निघाले, आजीच्या माहेरचीं माणसें कोठें गेलीं, हें विचारलें तर उत्तर देणारें घरांत एखादेंच सांपडतें. तें माणूस आहे तोंवर, एखाद्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर, मुलांना त्याच्याजवळ बसवावें. कांहीं गोष्टी दुःखाच्याहि निघतील. त्या निघूं द्याव्या.