आधी खैरियत, मग आकडा

हैदराबादला बंजारा हिल्सच्या एका बड्या रुग्णालयात नातेवाइकाच्या रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. शेजारी डॉक्टर एकच वाक्य बोलले आणि मधला माणूस ते अरबीत सांगताना बराच वेळ बोलत राहिला. एवढं काय सांगितलं असेल, या कुतूहलापोटी परवानगी काढून पुन्हा गेलो.

हे दुभाषी बारकसचे. निजामाच्या फौजेतल्या अरब शिपायांची ही वस्ती; येमेनच्या हद्रमौतहून आलेल्यांचे वंशज आजही इथे आहेत. यांची अरबी मात्र पक्की झाली ती जेद्दात ट्रक चालवताना. अंगाला उदाचा वास. ते लिफ्टमधून उतरून गेले तरी तो मागे रेंगाळायचा.

ओमानचे एक म्हातारबाबा गुडघे बदलायला आलेले, सोबत दोन मुलगे. डेस्कवरच्या मुलीने बसल्या बसल्या खर्चाचा अंदाज पुढे सरकवला. यांनी तो कागद हलकेच उपडा केला, वर स्वतःचा मोबाईल ठेवला आणि प्रवास कसा झाला, इथलं जेवण चालतंय का, घरी मागे कोण आहे, अशी विचारपूस मांडली. “पैले चार मिनिट पैसे का नाम नक्को,” ते मला नंतर म्हणाले. मुलगी घड्याळाकडे बघत होती. तिचंही चूक नाही, मागे रांग होती. शेवटी थोरल्या मुलानेच कागद सुलटा केला. मग रीतसर घासाघीस. संगणकातला आकडा हलला नाही. विमानतळाची गाडी आणि खोलीच्या दोन रात्री तेवढ्या पदरात पडल्या. मुलगे खूश!

तपासणीची वेळ शुक्रवारी दुपारी एकची पडली होती. नमाजच्या वेळेला कोण येणार? कुणाला न विचारता यांनी ती चारची करून घेतली.

एक गोष्ट मात्र खटकली. सुदानच्या एका बाईंच्या गाठीबद्दल डॉक्टर जे बोलले, ते यांनी बाईंना सांगितलंच नाही. भावाला बाहेर नेऊन सांगितलं. “घर का बड़ा फैसला करता.” गुडघ्यांच्या सौद्यात ज्याचं कौतुक वाटलं, तेच चातुर्य इथे नकोसं झालं.

परदेशी रुग्ण आणणाऱ्या एजंटाला टक्केवारी मिळते, यांना ठरलेला पगार. त्यात आता नवी सूचना आली आहे : एका कुटुंबाला दहा मिनिटं.

“दस में से चार मेरे,” ते हसून म्हणाले. “बाकी छे में ऑपरेशन, पैसा, खाना, सब निपटाओ.”