इयागो आणि खेडचा एक विद्यार्थी

“सर, खरं सांगू? मला इयागो आवडला.”

१९८६ च्या जुलै महिन्यात, खेडला माझ्या घराच्या ओटीवर बसून एका विद्यार्थ्याने हे वाक्य उच्चारले, तेव्हा मला त्याचा राग आला होता. मुलगा जवळच्याच एका वाडीतला, चिपळूणला बी.ए.च्या वर्गात शिकत होता. विषय इंग्रजी. रोज एस.टी.ने जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलांपैकी तो एक. त्या आठवड्यात पावसाने कहर केला होता. जगबुडी हे नदीचे नाव कोणी ठेवले असेल ते असो, पण बाजारपेठेत पाणी शिरू लागले की ते नाव ठेवणाऱ्याच्या अनुभवाविषयी शंका उरत नाही. गाड्या बंद होत्या, वर्ग बुडत होते, म्हणून त्याने ‘ऑथेल्लो’ माझ्याकडे वाचावयास आणले. मी माध्यमिक शाळेतला शिक्षक. महाविद्यालयात शिकविण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु नाटक आवडीचे होते, आणि बाहेर पाऊस होता.

राग ओसरल्यावर मी त्याला कारण विचारले. त्याने दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे वाटते. तो म्हणाला, या नाटकात काम करतो तो एकटा इयागो. बाकीचे सारे बोलतात, रडतात, मोठमोठ्या शपथा घेतात. शिवाय त्याच्यावर अन्याय झालेला आहेच. इतकी वर्षे लढाईत काढलेल्या माणसाला डावलून त्या पुस्तकी कॅसिओला वरची जागा दिली, मग त्याने काय करावे?

हा युक्तिवाद कोणत्याही कचेरीत मधल्या सुटीत ऐकू येईल. सेवाज्येष्ठता डावलली गेली, वरच्या साहेबाच्या मर्जीतला नवखा पुढे गेला, ही तक्रार जिच्या चार भिंतींत कधी उमटली नाही अशी कचेरी महाराष्ट्रात असेल असे मला वाटत नाही. शेक्सपिअरने १६०३-०४ च्या सुमारास हे नाटक लिहिले आणि खलपुरुषाच्या तोंडी पहिल्याच प्रवेशात नोकरीतील बढतीचे गाऱ्हाणे घातले. राक्षसी महत्त्वाकांक्षा नाही, सिंहासनाचा लोभ नाही; आहे ती केवळ हुकलेली बढती. प्रेक्षक अर्धा तिथेच वश होतो. ज्याचे गाऱ्हाणे आपल्यासारखे, त्याचा हेतूही आपल्यासारखाच असणार, असे आपण धरून चालतो.

पुढे मात्र कारणे बदलत जातात. ऑथेल्लोने आपल्या बायकोशी संबंध ठेवला असावा असा संशय इयागो बोलून दाखवितो, आणि तो खरा की खोटा याची आपल्याला फिकीर नाही असेही सांगून टाकतो. मग तोच संशय कॅसिओवरही घेतो. बढतीची गोष्ट तर मध्येच मिटते, कारण तिसऱ्या अंकातच त्याला हवी होती ती जागा मिळूनही जाते; तो थांबत नाही. कोलरिजसारख्या समीक्षकाने म्हटले ते याच कारणास्तव, की हा माणूस आपल्या द्वेषासाठी कारणे शोधत फिरतो. द्वेष आधीचा, कारणे मागाहूनची.

आपल्या परंपरेत याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो माणूस नसून कोल्हा आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्याच तंत्रातील दमनक मंत्र्याच्या घराण्यातला, परंतु अधिकार गेलेला. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री त्यानेच जुळविली आणि त्यानेच मोडली. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. तो सिंहाला सांगतो, बैल राज्यावर टपला आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. आणि दोघांनाही समोरच्याच्या मनातले वैर कोणत्या खुणांनी ओळखावे ते पढवून ठेवतो. भेट होते तेव्हा दोघेही भ्यालेले, दोघेही सावध, आणि दोघांनाही त्या खुणा समोर दिसतात! बैल मरतो. दमनक मंत्रिपदावर राहतो. या शेवटाने वाचकांचे समाधान कधीच झाले नसावे. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने या कथा पहलवीतून अरबीत नेल्या, तेव्हा त्यांत दिम्नाच्या, म्हणजे दमनकाच्या, चौकशीचे आणि शिक्षेचे एक नवे प्रकरण घातले गेले. ते त्याचेच असावे असे अभ्यासक मानतात. भाषांतरकारालाही गप्प बसवेना.

मराठी रंगभूमीलाही इयागोची ओळख लवकर झाली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे; त्यातील नायकाच्या भूमिकेत गणपतराव जोशी यांनी केवढे नाव मिळविले हे जुन्या नाट्यरसिकांच्या आठवणींतून आपल्याला माहीत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी तर ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या शोकांतिकेत हॅम्लेटसारखा नायक आणि इयागोसारखा खलपुरुष एकत्र आणण्याचे धाडस केले. शनिवारवाड्यात त्यांनी उभा केलेला केशवशास्त्री हा पगडी घातलेला इयागोच होय. नाटकाचा गुणदोष काहीही असो, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत असा माणूस शोभून दिसेल हे खाडिलकरांनी अचूक ओळखले होते.

हे सारे मी त्या मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, “पण सर, आमच्या शिमग्यातला संकासूर बरा. काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं. येतोय हे लांबून कळतं.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संकासूर अंगणात आला की पोरे किंचाळत पळतात आणि दारापाठीमागून पुन्हा डोकावून पाहतात. राक्षस कोण याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. इयागोला घुंगरे नाहीत. त्याच्या नावामागे सारे नाटकभर ‘प्रामाणिक’ हे विशेषण लागलेले आहे. विल्यम एम्प्सन या समीक्षकाने मोजले तेव्हा हा शब्द आणि त्याचे भाववाचक रूप मिळून नाटकात बावन्न वेळा आढळले. इयागो खरा कोण हे एकट्या प्रेक्षकाला ठाऊक, कारण रंगमंच रिकामा झाला की तो पुढे येऊन आपला बेत आपल्यालाच सांगतो. आपल्याला ठाऊक असते आणि आपण गप्प बसून पाहतो. मजा वाटते, हे कबूल केले पाहिजे. त्या मुलाने ते कबूल केले आणि मी रागावलो, यात माझी शिक्षकी सवय अधिक होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाला आलो. साऱ्या नाटकाचा कणा हा प्रवेश आहे. प्रवेशाच्या आरंभी ऑथेल्लो पत्नीवर निःशंक प्रेम करणारा आहे आणि अखेरीस तो तिच्या मृत्यूची भाषा बोलतो. यासाठी इयागोने काय केले? आरोप कोणता केला? बराच वेळ काहीच नाही. कॅसिओ दूर जाताना दिसतो आणि इयागो हे आपल्याला आवडले नाही एवढे पुटपुटतो. काय म्हणालास, असे विचारताच काही नाही म्हणतो. ऑथेल्लोच्या प्रश्नातला शब्द त्यालाच परत देतो. थांबतो. बोलू नये असे म्हणतो. मत्सरापासून जपा असा कळकळीचा उपदेशही वर करतो! उपदेश म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. इयागोने कॅसिओला दिलेला सल्लाही असाच, वरवर पाहता उत्तम होता.

मराठीत या कलेला शब्दांची वाण नाही. चहाडी, चुगली, लावालावी, कान भरणे, कान फुंकणे, काडी टाकणे. आणि ऐकणाऱ्यासाठी हलक्या कानाचा. परंतु ऑथेल्लोला हलक्या कानाचा म्हणून मोकळे होता येत नाही. तो पुरावा मागतो, डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे म्हणून इयागोचा गळा धरतो. आणि त्याला मिळतो एक रुमाल. डेस्डिमोनाच्या हातून पडलेला, एमिलियाने उचललेला, नवऱ्याला आवडेल म्हणून त्याच्या हाती दिलेला.

मी वाचीत होतो. मुलगा ऐकेनासा झाला आहे हे माझ्या उशिरा ध्यानात आले. पुस्तक मिटून मी विचारले, तेव्हा तो बऱ्याच वेळाने बोलला.

त्याचे वडील मुंबईला परळच्या एका गिरणीत होते. आमच्या तालुक्यातील तेव्हाच्या शेकडो घरांसारखे ते घर: कर्ता पुरुष मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला गावी, बाकी वर्षभर मनीऑर्डर आणि पत्र. पत्रे धाकटे चुलते सांगत आणि हा मुलगा लिहीत असे, कारण त्याचे अक्षर वळणदार होते. १९७६ साली, तो दहा वर्षांचा असताना, चुलत्यांनी असेच एक पत्र सांगितले. मंडळी खुशाल. पाऊस बरा. म्हैस व्याली. वहिनी हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा बाजारात जातात. कोणाबरोबर जातात ते मी विचारीत नाही, तो माझा अधिकार नव्हे. काळजी नसावी.

“‘काळजी नसावी’ हे मी शेवटी छान लपेटीदार काढलं होतं,” मुलगा म्हणाला. “काकांनी पाठ थोपटली.”

दोन महिने मनीऑर्डर आली नाही. मग न कळविता वडील स्वतः आले. आई बाजारात जात होती ती एका शिंप्याच्या दुकानी, शिवण शिकायला. यंत्र घेता आले तर चार पैसे मिळतील आणि नवऱ्याला कळेल तेव्हा आनंद होईल म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते. ते सारे स्पष्ट झाले. कोणी कोणाचा गळा दाबला नाही. वडील आठ दिवसांनी परत गेले, मनीऑर्डर सुरू झाली. आईने शिवण सोडले ते सोडलेच, आणि त्यानंतर ती कारणाशिवाय वाडीबाहेर पडली नाही. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, ते कायमचे गावी आले, आणि ते व चुलते दोघे भाऊ संध्याकाळी एकाच ओटीवर पान खात बसतात, असे तो सांगत होता. गावात चुलत्यांचा शब्द मानतात. तंटा असला की त्यांना बोलावतात.

“त्यांनी का केलं असेल, सर? सामाईक काही नव्हतं. वाटण्या आधीच झाल्या होत्या.”

ऑथेल्लोही अखेरीस हाच प्रश्न विचारतो, आणि इयागो यापुढे एक शब्द बोलणार नाही म्हणून सांगतो. जखमी आहे, बांधलेला आहे, छळासाठी त्याला नेणार आहेत. परंतु पडदा पडतो तेव्हा तो जिवंत असतो आणि त्याचे तोंड बंद असते. मी त्याला कोलरिज सांगितला. तो उपयोगी पडला नाही.

त्या दिवसानंतर त्याचे लक्ष इयागोवरून उडाले आणि एमिलियावर बसले. रुमाल कोठे गेला म्हणून डेस्डिमोना तिला विचारते, तेव्हा आपल्याला ठाऊक नाही असे ती सांगते. या एका वाक्यावर तो दोन दिवस अडून राहिला. तिला काय ठाऊक होते? नवऱ्याने रुमाल मागितला तो कशासाठी, हे तिने का विचारले नाही? अखेरच्या प्रवेशात ती सर्वांसमोर बोलते आणि नवऱ्याच्या तलवारीने मरते. थोडे आधी बोलली असती तर, असे तो पुन्हा पुन्हा म्हणे. मी म्हटले, नाटक तिथेच संपले असते. “संपू दे की,” तो म्हणाला. परीक्षेत इयागोच्या स्वभावचित्रणावर प्रश्न आला, आणि याने पाने भरून एमिलियावर लिहिले. गुण बेताचेच पडले. परीक्षकाला दोष देता येत नाही. प्रश्न तो नव्हताच.

‘पण हे आईला सांगितलेस का?’ असे मी त्याला विचारले नव्हते. गणपतीनंतर तो पुस्तक परत करायला आला, तेव्हा आपणहून बोलला. वडील आणि चुलते आरतीला शेजारी गेले असताना, मागल्या पडवीत, मोदकांसाठी नारळ खवताना त्याने आईला सांगितले होते की ते पत्र आपल्या हातचे होते.

तिने खवणीवरचा हात थांबविला नाही. म्हणाली, त्यांनी ते पत्र मला तेव्हाच आणून दाखवलं होतं. पोराच्या अक्षरात आहे म्हणून खरं वाटलं, म्हणाले. मीच त्यांना म्हटलं, त्याला काही विचारू नका.