फुरसत एकट्याच्या बळावर मिळत नाही
स्वतःसाठीचा वेळ आणि मनःशांती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात वर्षभर हात रिकामा राहत नाही. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास. एक बाग निसवत असते तेव्हा दुसरीत पिलं कापायची असतात. घड तयार झाले की व्यापारी, मजूर आणि गाडी यांची वेळ जुळवण्यात दिवस जातो. अशा घरात ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं : इथं मरायला फुरसत नाही. त्यामागची ओढाताण खरी आहे. पण काही समजुतीही वाट अडवून बसलेल्या आहेत, त्या आधी तपासू.

गैरसमज : ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची थेरं.
वस्तुस्थिती : खानदेशानं ही गरज फार पूर्वी ओळखली आणि सणात बसवली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणींना माहेरी आणायची रीत आहे. पेरणीला अजून अवकाश असतो. गावोगाव झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण होतं. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर राबणाऱ्या लेकीला या विसाव्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नसे. सासर आणि माहेर, दोन्ही घरांना तो मान्य होता. तिचं काम त्या दिवसांत दुसऱ्या कोणीतरी उचललेलं असे, म्हणून ती झोक्यावर बसू शकत होती.

गैरसमज : गाणं म्हणत काम केलं की विश्रांती झालीच.
वस्तुस्थिती : असोद्याच्या लेकीनं, बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१), जात्यावर आणि शेतात राबता राबता गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलेली ही गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आली. दळण-निंदणीसारख्या एका लयीच्या कामात मन मोकळं राहतं, हे त्यावरून नक्की कळतं. पण मन मोकळं झालं म्हणून कंबर आणि गुडघे सुटत नाहीत. मनाला मोकळी वाट हवी तशी शरीराला विश्रांती हवी. एक मिळाली म्हणून दुसरी नाकारणं हा राबणाऱ्या बाईवर अन्यायच आहे.

गैरसमज : तासभर मोकळा असल्याशिवाय काही उपयोग नाही.
वस्तुस्थिती : व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला तरच धरायचा, असं जागतिक आरोग्य संघटना पूर्वी सांगत असे. २०२० च्या शिफारशींत ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल हवी, ती तुकड्या-तुकड्यांत झाली तरी चालते. श्वासाचंही तसंच. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की शरीराचा ताण उतरू लागतो. गाडी भरेपर्यंत बांधावर थांबलेल्या माणसालाही पाच मिनिटं हे करता येतं. फक्त तेवढा वेळ मोबाइल खिशात हवा.

गैरसमज : मनःशांती म्हणजे डोक्यात एकही विचार न येणं.
वस्तुस्थिती : इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात येणारा-जाणारा श्वास पाहण्यापासून होते. मन भटकतं, ते लक्षात आलं की परत श्वासावर आणायचं. हे परत आणणं म्हणजेच सराव. ‘माझं मन लागतच नाही’ म्हणून दोन दिवसांत सोडून देणारे नेमक्या या ठिकाणी फसतात. केळीच्या भावाची आणि कर्जाच्या हप्त्याची चिंता मनात येणारच. ती आली तरी सराव फुकट जात नाही.

गैरसमज : झोप कमी केली की वेळ वाचतो.
वस्तुस्थिती : प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. शेतीची लाइट रात्रपाळीची असली की शेतकरी अपरात्री बॅटरी घेऊन मळ्यात जातो, मोटर चालू करतो, ठिबकचे व्हॉल्व बदलतो आणि पहाटे परततो. सकाळी पुन्हा बाजारहाट आहेच. तुटलेल्या झोपेनं चिडचिड वाढते, चुका होतात, आणि विजेपाशी झालेली चूक जिवावर बेतते. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारची झोप कामाच्याच वेळापत्रकात लिहावी. भाऊ-भाऊ किंवा शेजारी-शेजारी पाळ्या वाटून घेऊ शकतात. झोपेसाठी दारूचा घोट हा उपाय उलटतो : झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

गैरसमज : घरच्या बाईनं स्वतःसाठी वेळ मागणं म्हणजे स्वार्थ.
वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. हा पुरुषांचा आकडाही घरकामाला हात लावणाऱ्यांचाच आहे. म्हणजे तिची फुरसत तिच्या नियोजनाअभावी हरवलेली नाही, घराच्या वाटणीत गेली आहे. केळीच्या बुंध्याशी सगळीच पिलं वाढू दिली तर घड भरत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाईच्या अंगावर येईल ते काम चढवताना मात्र तेच शहाणपण आपण विसरतो.

गैरसमज : मन शांत ठेवलं की सगळे प्रश्न सुटतात.
वस्तुस्थिती : वादळानं बाग आडवी झाली तर पंचनामा, विमा आणि कर्जाची फेररचना यांचाच पाठपुरावा करावा लागतो. श्वासाचा सराव तिथं माणसाला उभं ठेवतो, नुकसान भरून देत नाही. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला संपवण्याचा विचार मनात आला तर वाट न पाहता फोन करावा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

या सगळ्यातून निघणारं काम अगदी साधं आहे. आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकानं सांगावं : दिवसातली कोणती वीस मिनिटं माझी, आणि त्या वेळात माझं काम कोण उचलणार. दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं, तरच पहिल्याला अर्थ आहे. आखाजीची रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आधीच ठरलेलं होतं म्हणून. वर्षातून एकदा जे आपल्या गावांना जमत आलं, ते रोज वीस मिनिटं आपल्या घराला जमायलाच हवं.