उंबऱ्याआड साचणारं न दिसणारं पाणी

पारोळ्याकडच्या आमच्या जुन्या घरात गॅस गळतोय हे सगळ्यांत आधी कळलं ते आजीला. ती जमिनीवर फतकल मारून सुपात दादर ज्वारी निवडत होती. आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहून चहात आलं किती घालायचं यावर वाद घालत होतो. काडी अजून ओढली नव्हती. “काही तरी सडेल वास यी ऱ्हायना,” आजी म्हणाली. आम्ही नाकं वर करून हुंगलं, काहीच येईना. मग मी तिच्याशेजारी वाकलो आणि भप्पकन आला.

रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणी हात लावला नाही. नळी चिरली होती. ओट्याच्या कडप्प्याला भोक पाडून ती वर ओढली होती आणि भोकाच्या धारेवर घासून घासून तिला बारीक चीर गेली होती. ते सगळं नंतर दुरुस्त झालं. डोक्यात राहिलं ते वेगळंच : ऐंशी वर्षांच्या नाकाला जे कळलं ते आमच्या तरण्या नाकांना का कळू नये? कारण आजीचं नाक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर होतं आणि आमचं पाच फुटांवर.

घरगुती सिलिंडरमधला वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. हे दोन्ही हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. त्यामुळे गळलेला गॅस वर उडत नाही, तो सांडतो. अगदी पाण्यासारखा ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उताराच्या बाजूला सरकतो आणि खळगा दिसला की त्यात साचतो. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. त्याला स्वतःचा वासही नाही. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण असले तरी माणसाचं नाक ओळखतं. वास मिसळण्याची ही सक्ती जगाला फार महागात शिकावी लागली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत, जमिनीखालच्या पोकळीत बिनवासाचा नैसर्गिक वायू साचला आणि एका ठिणगीनं शाळा उडाली. तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलांचे. त्यानंतर तिथे गॅसला वास लावण्याचा कायदा झाला.

आता थोडं गणित करू, कारण आकडे ऐकले की हा पदार्थ खरा कळतो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात जमिनीलगतच्या फूटभर थरात दोन टक्के गॅस भरायला किती द्रव लागेल? पाव लिटरसुद्धा नाही. सकाळच्या चहाला लागतं तेवढ्या दुधाइतका.

आणि इथेच आपल्या खान्देशी घराची रचना आडवी येते. आपलं धाब्याचं घर बांधलं गेलं ते चुल्ह्यासाठी. जाड मातीच्या भिंती, वर लाकडावर पांढऱ्या मातीचं धाबं, आणि चुल्ह्याच्या डोक्यावर धाब्यात ठेवलेलं भोक, म्हणजे साणं. धूर गरम, म्हणून हलका. तो आपसूक वर जातो, साण्यातून निघून जातो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाडांत मुरलेलं शहाणपण ते हेच : वर वाट ठेवा. म्हणून आजही नवा ओटा बांधताना मिस्तरी वर एक्झॉस्ट फॅनचं भोक न सांगता ठेवतो. खाली मात्र उंबरा असतो. चांगला चार-सहा बोटं उंच, लक्ष्मीची पावलं काढलेला. पाण्याला बांध घालावा तसा तो जड गॅसला अडवून धरतो. त्यात जुन्या घरात कुठे धान्याचं पेव, कुठे तळघर, कुठे मोरीचं तोंड. सिलिंडर यांच्या शेजारी ठेवणं म्हणजे विहिरीच्या काठावर फुटका हंडा ठेवणं. फुटक्या हंड्याचं पाणी निदान दिसतं तरी.

थंड देशांत घर ऊबदार ठेवायला जुन्या भिंतीतल्या आगटीच्या जागी गॅसची शेगडी बसवतात. तिथेही आधी भिंत तपासतात, मागचं लाकूड शोधतात, हवेला वाट आहे का ते बघतात आणि मगच शेगडीचा विचार करतात. आपल्याकडे उलटं होतं. आधी शेगडी येते, मग ती कुठे ठेवायची याचा विचार. १९५५ साली मुंबईत बर्मा शेलनं घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यापाड्यांत, मातीच्या घरांत शिरला. शेगडी बहुतेक ठिकाणी चुल्ह्याशेजारी जमिनीवरच मांडली गेली, कारण भाकर थापायला बसावं लागतं. म्हणजे जाळ आणि सिलिंडर एका पातळीवर, तेही जिथे गळलेला गॅस साचतो नेमक्या त्या पातळीवर. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी हा नियम मला पूर्वी सरकारी छापाचा वाटायचा. आजीच्या शेजारी वाकलो तेव्हा तो पटला.

आता भिंतीकडे येतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा धरत नाही. माती ओल घेते, सोडते, थोडी फुगते, थोडी आकसते. सिमेंट ताठ. दोन पावसाळ्यांत पोपडा सुटतो आणि टाईल्ससकट खाली येतो, कधी कधी उकळत्या भाजीवर. जाणता मिस्तरी म्हणून मातीच्या भिंतीला हात लावत नाही. तो तिच्यापुढे विटांची चार इंची भिंत स्वतंत्र उभी करतो, तिच्यावर गिलावा करून टाईल्स लावतो आणि ओट्याचा भार उभ्या कडप्प्यांवर घेतो.

आमच्या भिंतीत आणखी एक गंमत निघाली. शेगडीच्या बरोबर मागे, गिलाव्याच्या आत, सागवानी खांब होता. टाईल जळत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण न जळणं वेगळं आणि उष्णता अडवणं वेगळं. तापलेली टाईल ती उष्णता मागे पोचवत राहते आणि वर्षानुवर्षं तापणारं लाकूड हळूहळू कोळशाच्या वाटेला लागतं. मिस्तरीनं टोचा मारून पाहिलं, चुल्ह्याच्या काळातच वरचं बोटभर लाकूड काळं पडलेलं होतं. शेगडी खांबापासून दोन हात सरकवली आणि भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. कारण मोठं पातेलं ठेवलं की जाळ त्याच्या पोटाखालून बाहेर फाकतो आणि थेट टाईल चाटतो. हल्ली ओट्यामागे चिकटवायचा चकचकीत कागद मिळतो, प्लास्टिकची पॅनल्स मिळतात. दिसतात छान. शेगडीमागे माझ्या घरात त्यांना जागा नाही.

हा जाळ स्वतःच किती नवलाचा आहे! उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सिलिंडरच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. मधला मूठभर रेग्युलेटर तो उतरवून इतका करतो की हंड्यातल्या पाण्यात फूटभर खोल नळी बुडवून फुंकायला लागेल तेवढाच जोर उरतो. तेवढ्या फुंकरीवर गॅस शेगडीतल्या मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रातून सुसाट निघतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा ओढून घेतो. ना पंखा, ना भाता. हवा पुरेशी मिळाली की जाळ निळा. कमी पडली की पिवळा, कारण मग न जळलेली काजळी तापून चमकते. चुल्ह्यामागची भिंत जिनं काळी केली तीच ही काजळी. खापरावर मांडे करायचे म्हणून साध्या बर्नरवर भलंमोठं खापर पालथं घातलं की जाळ गुदमरतो, पिवळा पडतो आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. मांडे चुल्ह्यावरच करावेत, या आजीच्या हट्टामागे चव आहेच, पण शास्त्रही आहे.

जाळाला हवा लागते तरी किती? १४.२ किलोचा एक सिलिंडर पुरता जाळायला जवळपास १९० घनमीटर, म्हणजे दहा फुटी सहा-सात स्वयंपाकघरं भरतील एवढी. आणि त्या जळण्यातून वाफेच्या रूपानं बाहेर पडतं सुमारे बावीस लिटर पाणी. कोरड्या रसरशीत जाळातून जवळजवळ दोन घागरी पाणी! हिवाळ्यात धुळ्याकडे पारा सात-आठ अंशांवर उतरतो, तेव्हा सकाळी बंद स्वयंपाकघरातल्या टाईल्सवरून जे ओघळ येतात, त्यात भाजीच्या वाफेबरोबर या पाण्याचाही वाटा असतो. मातीची भिंत हे पाणी मुकाट्यानं पिऊन टाकायची. टाईल पीत नाही. म्हणून वरची वाट हवीच, साणं बुजवू नका. खिडकीही हवी, फक्त शेगडीच्या अगदी समोर नको. चैत्रातल्या झळेचा एक झोत येतो, जाळ विझतो आणि गॅस चालूच राहतो.

आमच्या ओट्याखाली आता सिलिंडरच्या बुडापाशी, जमिनीलगत, बाहेर उघडणाऱ्या दोन जाळ्या आहेत. उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक तारेच्या. बाहेर अंगणाचा उतार आहे, म्हणजे जे सांडेल ते वाहून जाईल. नळी कडप्प्याच्या भोकातून न जाता मोकळी, डोळ्यांसमोर आहे. तिची तारीख पाहून दर पाच वर्षांनी ती बदलायची, आणि शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. काडी पेटवून बघणारे शूर लोक आमच्याही भावकीत आहेत.

आज रात्री भांडी आवरली की एकदा ओट्याखाली वाकून बघा. वरच्या पंख्याकडे नंतर. सिलिंडरच्या बुडापाशी, उंबऱ्याच्या अलीकडे, गॅसला बाहेर पडायला वाट आहे का? नसेल तर उद्याच मिस्तरीला बोलवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करून घराबाहेर या आणि तिथून फोन लावा. गॅसगळतीसाठी देशभर चोवीस तास चालणारा क्रमांक आहे १९०६.